यंत्राला घातलेले श्रुतलेखन

श्रुतलेखनाच्या तासाला शिक्षक शब्द सांगतात आणि मुले लिहितात. लिहिण्यात चूक झाली तर ती ऐकणाऱ्याची, म्हणजे मुलाची, असे आपण धरून चालतो. बोललेले ओळखून लिहिणारी यंत्रणा, इंग्रजीत जिला 'स्पीच रेकग्निशन' म्हणतात, फोनच्या कळफलकात येऊन बसली तेव्हापासून हे नाते उलटले आहे. आता मूल सांगते आणि यंत्र लिहिते. मात्र यंत्राने भलतेच लिहिले तर दोष लिहिणाऱ्याला न देता पुन्हा मुलालाच दिला जातो. 'तुझा उच्चार चुकला, म्हणून फोनला कळले नाही,' असे शिक्षकही म्हणून जातात. हा निवाडा कधी बरोबर असतो आणि कधी अन्यायाचा, हे ठरवायचे तर यंत्र ऐकते कसे ते थोडे समजून घ्यावे लागते. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारत नाही : यंत्राने बरोबर लिहिले म्हणजे उच्चार बरोबर होता, असे तरी म्हणता येते का?

बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी मुलाच्या वाट्याला इंग्रजी बहुधा तिसरी भाषा म्हणून येते. घरात मराठी, बाजारात कन्नड, कोंकणी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू, आणि शाळेच्या पुस्तकात इंग्रजी. ऐकायला इंग्रजी आता पुष्कळ मिळते. मिळत नाही तो 'तू काय म्हणालास ते मला कळले नाही' असे तोंडावर सांगणारा श्रोता. वर्गातले सगळे एकाच भाषेतून आलेले असल्यामुळे एकमेकांचे इंग्रजी एकमेकांना बिनचूक कळते, आणि चूक तशीच पक्की होत जाते. ही श्रोत्याची उणीव फोन काही अंशी भरून काढू शकतो. शिवाय यंत्रासमोर बोलण्याची गरज पुढे येणारच आहे. पीअर्सन कंपनीच्या 'व्हर्संट'सारख्या चाचण्यांत उमेदवार फोनवर किंवा संगणकावर इंग्रजी बोलतो आणि गुण यंत्र देते. नोकरभरतीच्या चाळणीत अशा चाचण्या वापरल्या जातात. ज्या श्रोत्यापुढे उद्या परीक्षेला उभे राहायचे, त्याचा स्वभाव आजच ओळखून घेतलेला बरा.

सुरुवातीची यंत्रे साधी होती. १९५२ साली बेल प्रयोगशाळेत तयार झालेले 'ऑड्रे' हे यंत्र केवळ अंक ओळखत असे, आणि तेही ज्याच्या आवाजाशी ते जुळवून घेतले असेल त्याच्या तोंडचे. आय.बी.एम.ने १९६२ साली सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या 'शूबॉक्स'ची मजल १६ शब्दांपर्यंत गेली. ही यंत्रे खरोखरच ध्वनी जुळवून पाहत होती. शब्दच थोडे असल्यामुळे अंदाज बांधण्याचा प्रश्न नव्हता. शब्दांची संख्या हजारांत आणि मग लाखांत गेली, तेव्हा नुसते ध्वनी जुळवून भागेना, कारण माणसे शब्द पूर्ण उच्चारतच नाहीत. आपणही 'काय म्हणतोस'चे 'काय म्हंतोस' करतो आणि ऐकणाऱ्याला ते कळते. कळते ते कानाला नव्हे, भाषा ठाऊक असलेल्या मनाला.

यंत्रालाही म्हणून भाषा शिकवावी लागली. आजची यंत्रणा ढोबळमानाने अशी चालते : माइकमधून आलेल्या आवाजाचे सेकंदाला साधारण १६,००० नमुने घेतले जातात, त्यांचे २५ मिलिसेकंदांएवढे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते मोजले जाते, आणि या मोजमापावरून कोणते अक्षर किंवा कोणता शब्द संभवतो याचा हिशेब होतो. हा हिशेब दोन पारड्यांचा असतो. एका पारड्यात 'कानावर काय पडले', दुसऱ्यात 'या ठिकाणी कोणता शब्द येण्याचा संभव जास्त'. पूर्वी या दोन कामांना दोन वेगळे भाग असत, आता बहुधा एकच मोठे जाळे दोन्ही गोष्टी एकदम शिकते. ओपन-एआयने २०२२ साली प्रसिद्ध केलेली 'व्हिस्पर' ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेली आहे. इतके ऐकल्यावर तिला ध्वनीच नव्हे, तर कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो हेही तोंडपाठ झालेले असते.

इथेच उच्चार शिकणाऱ्याची फसगत होते. एखाद्या विद्यार्थ्याने 'द फार्मर फेड द शीप' असे वाक्य वाचले आणि 'शीप'चा, म्हणजे मेंढीचा, उच्चार जहाजाच्या 'शिप'सारखा केला, तरी यंत्र मेंढीच लिहील. शेतकरी जहाजाला चारा घालत नाही, एवढे त्याला कळते. विद्यार्थ्याला वाटते, आपला उच्चार जमला. वास्तविक यंत्राने त्याची चूक पोटात घातलेली असते. हे यंत्र मुळात बांधले आहे ते बोलणाऱ्याला समजून घेण्यासाठी, तपासण्यासाठी नव्हे. प्रेमळ आजीप्रमाणे ते अर्धवट बोललेलेही पुरे करून घेते. अशा श्रोत्याने दिलेली शाबासकी सुखाची असली, तरी तिच्यावर अभ्यास उभा करता येत नाही.

म्हणून उच्चारासाठी यंत्र वापरायचे, तर त्याला अंदाज बांधायला वावच ठेवता कामा नये. वाक्य नको, सुटा शब्द हवा. आणि तोही एकटा नको, जोडीने हवा. एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या भाषाविज्ञान शिकलेल्यांना परिचित आहेत. शिप-शीप, वेस्ट-व्हेस्ट, पेन-पॅन अशा जोड्या घ्याव्यात. दोन्ही शब्द प्रत्येकी दहा वेळा, उलटसुलट क्रमाने बोलावेत. कोणता शब्द बोलायचा हे चिठ्ठीवर आधी लिहून ठेवावे, आणि यंत्राने काय लिहिले ते शेजारच्या मुलाने टिपावे. मग एकूण उत्तरे किती बरोबर आली ते पाहू नये. जोडी फुटली का, ते पाहावे. वीसही वेळा यंत्राने 'शीप'च लिहिले तर दहा उत्तरे बरोबर दिसतील, पण त्यांचा अर्थ एवढाच की यंत्राला दोन शब्दांत काहीच फरक ऐकू आला नाही.

जोडी घेण्याचे दुसरेही कारण आहे. सुट्या शब्दातही यंत्राचा अंदाज पूर्ण थांबत नाही; दोन शब्दांपैकी जो अधिक प्रचारात, त्याकडे ते झुकते. 'व्हाइन' म्हणजे वेल आणि 'वाइन' म्हणजे द्राक्षाची मदिरा. वेलीचा उच्चार अगदी चोख केला तरी यंत्र पुष्कळदा मदिराच लिहिते. अशा वेळी मुलाला दोष देण्याआधी यंत्राची परीक्षा घ्यावी. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या इंटरनेटवरील शब्दकोशांत प्रत्येक शब्दाचा उच्चार ऐकवण्याची सोय आहे. एका फोनवर तो उच्चार वाजवावा आणि दुसऱ्या फोनला तो लिहायला सांगावा. शब्दकोशातल्या आवाजालाही यंत्र चुकवत असेल, तर ती जोडी सोडून द्यावी. या साध्या खबरदारीने पुष्कळ मनस्ताप वाचतो.

कोणत्या जोड्या निवडायच्या, हे मात्र यंत्र सांगणार नाही. त्यासाठी मराठीची ध्वनिव्यवस्था पाहावी लागते, आणि इथे आपले शिक्षक कोणत्याही तंत्रज्ञापेक्षा पुढे आहेत. मराठीभाषकांच्या इंग्रजीचा अभ्यास काही नवा नाही. अशोक केळकर यांनी 'वर्ड' या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात १९५७ साली 'मराठी इंग्लिश' या विषयावर लेख लिहून परकीय भाषेच्या उच्चारावर मातृभाषेची छाप कशी पडते हे दाखवले होते. तेव्हापासून आजपर्यंत मराठी माणसाच्या कानावर पडणारे इंग्रजी पुष्कळ बदलले, पण मराठीचे ध्वनी फारसे बदललेले नाहीत.

ऱ्हस्व-दीर्घाचेच घ्या. मराठी शुद्धलेखनाचे निम्मे वाद ज्या इकार-उकारांवरून होतात, त्यांचे मूळ हेच आहे की मराठी बोलण्यात 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांत अर्थ वेगळा करण्याइतका फरक राहिलेला नाही. लिहिताना आपण नियम आठवून लिहितो. इंग्रजीत मात्र शिप आणि शीप, पुल आणि पूल हे भेद बोलण्यात जिवंत आहेत, आणि ते नुसते लांबीचेही नाहीत. 'शिप'मधला स्वर थोडा सैल, जीभ किंचित खाली ठेवून येतो. 'शीप'मधला ताणलेला, ओठ फाकवून. मुलाला केवळ 'दीर्घ कर' म्हणून सांगितले तर ते 'शि'च लांबवते आणि यंत्र पुन्हा जहाज लिहिते. 'ओठ फाकव' म्हणून सांगितले की जोडी फुटू लागते. (पूल म्हणजे पाण्याचे तळे हे सांगताना आमच्या मुलांना हमखास नदीवरचा पूल आठवतो, तेवढी करमणूक तासाला चालते.)

याउलट काही ठिकाणी मराठी मुलाचे काम आधीच झालेले आहे. मराठीने इंग्रजी शब्दांसाठी 'ॲ' आणि 'ऑ' ही दोन्ही चिन्हे स्वीकारली. हिंदीत 'बैट', 'बैंक' असे लिहिले जाते तिथे आपण 'बॅट', 'बँक' लिहितो, आणि 'पेन' व 'पॅन' यांत आपली गल्लत होत नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलांना रस्त्यावरच्या पाट्या हिंदीतून वाचण्याची सवय असते. त्यांना हा भेद घरच्या मराठीतून दाखवून द्यावा, पुन्हा इंग्रजीतून शिकवण्याची गरज नाही. तसेच 'व्ह'चे. आपण 'व्हिटॅमिन', 'व्हॉलीबॉल' यांत 'व्ह' लिहितो आणि 'वॉच', 'वॉर्ड' यांत 'व'. म्हणजे इंग्रजीतल्या दोन अक्षरांचा भेद मराठी लेखनाने बव्हंशी टिपून ठेवला आहे ('व्हाइट'सारखे अपवाद स्पेलिंगच्या मोहाने आले). तोंडात मात्र दोन्हींच्या जागी आपला मधलाच 'व' येतो. त्यात ना खालचा ओठ दातांना घासतो, ना ओठांचा चंबू होतो. 'व्हेस्ट'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून भुंग्यासारखा आवाज क्षणभर धरून ठेवावा, 'वेस्ट'साठी 'उ' म्हणायला ओठ जुळवून सुरुवात करावी. यंत्रासमोर घेण्यासारखी ही सर्वांत फलदायी जोडी आहे, कारण इथे सुधारणा लवकर होते आणि ती लगेच पडद्यावर दिसते.

'झ'ची गोष्ट थोडी गुंतागुंतीची. मराठीला 'च', 'ज', 'झ' यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'या जगात जग' या तीन शब्दांत तालव्य आणि दंत्य असे दोन्ही 'ज' येऊन जातात. त्यामुळे 'माझा'मधल्या 'झ'चा सुरुवातीचा अडथळा काढून टाकून घर्षण तेवढे लांबवले, तर 'झू', 'झोन' या शब्दांतला इंग्रजी ध्वनी मराठी माणसाला सापडतो. पण पुढे 'इ' किंवा 'ए' आला की आपली जीभ सवयीने तालव्याकडे सरकते, आणि 'झिप'चे 'जिप' होते. म्हणून सराव 'झू'पासून सुरू करून 'झिप', 'झेस्ट' यांकडे यावे. 'झेस्ट' म्हणजे उत्साह आणि 'जेस्ट' म्हणजे थट्टा, ही जोडी यंत्राला घालून पाहण्यासारखी आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेला ध्वनी म्हणजे शब्दाच्या आरंभीचा 'प', 'ट', 'क'. आपण ते अल्पप्राण उच्चारतो, 'पान', 'काम' यांतल्यासारखे. इंग्रजांच्या तोंडी आघात असलेल्या अक्षराच्या आरंभी त्यांच्यात श्वासाचा झोत मिसळतो. तो झोत नसला की इंग्रजी कानाला 'पिन'ची 'बिन' ऐकू येते आणि 'कोट'चा 'गोट', म्हणजे बोकड, होतो. गंमत अशी की महाप्राण ध्वनींची स्वतंत्र ओळ वर्णमालेत बाळगणारे आपण, आणि हा श्वास नेमका इथेच विसरतो, कारण इंग्रजी लिपीत 'एच' दिसल्याखेरीज आपल्याला महाप्राण सुचत नाही. ओठांसमोर कागदाची पट्टी धरावी. 'पिन' म्हणताना ती हलली पाहिजे. मात्र पूर्ण 'फ' करायला सांगू नये. हल्लीच्या मुलांचा 'फ' दात-ओठांचा झाला आहे, आणि मग पिनेचा माशाचा पर, म्हणजे 'फिन', होऊन बसतो.

प्रत्येक केंद्राची शेजारभाषा यात आपापली भर घालते. बेळगावच्या ज्या मुलाला कन्नड येते, किंवा हैदराबादच्या ज्याला तेलुगू, त्याच्या कानाला ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा अर्थभेद सरावाचा असतो, कारण त्या भाषांत तो बोलण्यात पाळला जातो. कोंकणीत 'ए' आणि 'ओ' यांचे उघडे व मिटलेले असे दोन उच्चार अर्थ बदलतात. गोव्याच्या मुलाला स्वरांच्या या बारकाव्यासाठी दूर जावे लागत नाही. एकाच मराठी पाठ्यक्रमातून सर्व केंद्रांना एकाच जोड्या देण्यात म्हणूनच अर्थ नाही. शिक्षकाने आपल्या गावची यादी स्वतः करावी.

आता जे यंत्राला मुळीच ऐकू येत नाही, त्याकडे वळू. इंग्रजीत शब्दावरील आघाताला फार महत्त्व आहे. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर पहिल्या अक्षरावर जोर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'फोटोग्राफ'मध्ये जोर आरंभी, 'फोटोग्राफी'मध्ये दुसऱ्या अक्षरावर. जोर नसलेले स्वर पुसट होतात. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरे सारख्या वजनाने, पंक्तीत वाढल्यासारखी, वाढत जातो. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेत, आजच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाच्या पूर्वरूपात, आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी इतरांना कितपत कळते याचा अभ्यास करून तो १९६९ साली प्रसिद्ध केला. न कळण्याच्या कारणांत शब्दांवरील चुकीच्या आघाताला त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले आहे. आणि नेमका हाच दोष लिहिणारे यंत्र दाखवू शकत नाही, कारण इंग्रजी लिपीत आघात लिहिण्याची सोयच नाही. 'रेकॉर्ड' नाम म्हणून बोला वा क्रियापद म्हणून, पडद्यावर तीच सहा अक्षरे उमटणार. फोनवर रोज तासभर इंग्रजी श्रुतलेखन घालूनही एखाद्याचे बोलणे परक्याला दुर्बोध राहते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. आघातासाठी फोनचा दुसरा, जुना आणि साधा उपयोग करावा : ध्वनिमुद्रण. शब्दकोशातला उच्चार आणि आपला उच्चार लागोपाठ ऐकावा, बाकावर बोटाने ठेका धरून.

लिहिणाऱ्या यंत्रांखेरीज उच्चाराला गुण देणारी ॲपही आहेत. त्यांचे तंत्र जरा वेगळे. त्यांना वाक्य आधीच ठाऊक असते; ते तुमच्या आवाजातला प्रत्येक ध्वनी अपेक्षित ध्वनीशी किती जुळतो आणि दुसऱ्या एखाद्या ध्वनीशी जास्त जुळतो का, याचा हिशेब करतात. सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी २००० साली मांडलेली या प्रकारच्या मोजणीची पद्धत पुढच्या पुष्कळ कामाचा आधार ठरली. इथे अंदाजाने पांघरूण घालण्याचा दोष कमी होतो, पण दुसरा वाढतो. 'अपेक्षित ध्वनी' म्हणजे कोणाच्या तोंडचा? यंत्र अमेरिकी किंवा ब्रिटिश आवाजांवर शिकले असेल, तर आपला मूर्धन्य 'ट' आणि 'थ्री'मधला दंत्य 'थ' त्याला कायम लाल दिसणार. मूल त्या लाल खुणेमागे महिना घालवते, आणि 'थ' साधेपर्यंत कंटाळून जाते.

हा महिना वाया गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली दाखवून दिले की परकी धाटणी ठळक असणे आणि बोलणे न कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; धाटणी जाड असूनही बोलणे पूर्ण कळू शकते. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली, मातृभाषा इंग्रजी नसलेली माणसे एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा काय आवश्यक आणि काय नाही याची छाननी केली. स्वरांची लांबी आणि आरंभीच्या 'प', 'ट', 'क'मधला श्वास त्यांनी आवश्यकांत घातला, आणि इंग्रजांचा तो विशिष्ट 'थ' अनावश्यकांत. मराठी माणसाच्या 'थ्री' आणि 'ट्री' वेगळ्या राहतात, तेवढे पुरे आहे. बन्सल यांनी जे. बी. हॅरिसन यांच्याबरोबर १९७२ साली भारतीयांसाठी बोलक्या इंग्रजीचे पुस्तक लिहिले तेही, सर्वांना कळेल असे भारतीय इंग्रजी हा आदर्श पुढे ठेवून. आपले इंग्रजी लंडनचे व्हावे ही हौस ज्याची त्याने करावी. शाळेने ती सक्ती करू नये.

यंत्राचा कान निःपक्षपाती असतो, हाही एक समज आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० साली ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आय.बी.एम. आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शब्दांच्या चुकांचे सरासरी प्रमाण ०.१९ तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ०.३५ निघाले. सगळे जन्मापासून इंग्रजीच बोलणारे! जो आवाज शिकताना कमी ऐकला, तो यंत्राला कमी कळतो, एवढेच यामागचे साधे कारण. भारतीयांच्या इंग्रजीसाठी मद्रास आय.आय.टी.तील 'एआय-फोर-भारत'ने २०२३ साली देशाच्या ६५ ठिकाणच्या ११७ माणसांचे बोलणे गोळा करून 'स्वराह' नावाचा संच तयार केला तो यंत्रांची हीच बाजू तपासण्यासाठी.

यावरून वर्गात एक सोपी युक्ती करता येते. फोनमध्ये इंग्रजीचे प्रकार निवडता येतात : भारतीय, ब्रिटिश, अमेरिकी. तीच जोडी दोन्हीकडे घालून पाहावी. भारतीय प्रकारात जोडी फुटली आणि ब्रिटिश प्रकारात नाही, तर मुलाला सांगता येते की तुझे बोलणे इथे कळते, तिथे कदाचित कळणार नाही. चूक आणि वेगळेपण यांतला फरक त्याला तिथल्या तिथे दिसतो. दोन्हीकडे फुटली नाही, तर मात्र जिभेचे काम बाकी आहे. मराठी नावे आणि गावे या परीक्षेत आणू नयेत. 'सावंतवाडी' किंवा 'खानापूर' यांचे इंग्रजी यंत्र जे काही करते, त्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर नाही.

चाळीस मुलांचा वर्ग आणि एक फोन, हीच बहुतेक ठिकाणची परिस्थिती. तेवढ्यात काम भागते. आधी मुलांनीच एकमेकांचे श्रोते व्हावे : एकाने पाठमोरे उभे राहून जोडीतला शब्द बोलावा, इतरांनी एक किंवा दोन बोटे दाखवावीत. वर्गाला फरक ऐकू येऊ लागला की मग फोनकडे जावे. ज्याला फरक ऐकूच येत नाही, त्याच्या तोंडून तो येण्याची वाट पाहणे व्यर्थ, आणि पाठमोऱ्या मुलाची ही परीक्षा एरवीही यंत्रापेक्षा अधिक शिकवते. लहान मुलांच्या वाचनासाठी गूगलचे 'रीड अलाँग' आहे. ते २०१९ साली भारतात 'बोलो' या नावाने आले, पुढे त्यात मराठीही आली, आणि धडे उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटशिवाय चालते. पण त्याचा हेतू वाचनाची सवय लावणे हा आहे. मूल अडखळले तर ते सांभाळून घेते, आणि तेच योग्य. त्याच्याकडून उच्चाराची परीक्षा करून घेऊ नये.

मुलांचा आवाज हीदेखील त्यांची खासगी माहिती आहे, हे शाळांनी विसरू नये. पुष्कळ ॲप बोललेले सगळे कंपनीच्या दूरच्या संगणकावर पाठवतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. शक्य तिथे फोनमध्येच चालणारी सोय निवडावी, मुलाचे पूर्ण नाव आणि शाळेचे नाव ॲपला देऊ नये, आणि ध्वनिमुद्रण तासानंतर पुसून टाकावे.

हीच जोड्यांची परीक्षा मराठीसाठीही वापरता येते, आणि महाराष्ट्राबाहेरच्या केंद्रांना तिची गरज कदाचित इंग्रजीपेक्षाही जास्त आहे. हिंदी परिसरात वाढणाऱ्या मराठी मुलांचा 'ळ' हळूहळू 'ल' होत जातो. फोनमध्ये मराठी निवडून 'वेळ' आणि 'वेल', 'गाळ' आणि 'गाल', 'मूळ' आणि 'मूल' या जोड्या सुट्या बोलून पाहाव्यात. वाक्यात बोलाल तर 'मला वेल नाही' हेही यंत्र 'मला वेळ नाही' असे गुपचूप सुधारून देईल. दंत्य आणि तालव्य 'च'-'ज' मात्र या वाटेने तपासता येणार नाहीत. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, तेव्हा 'चमचा' कसाही उच्चारला तरी पडद्यावर तो सारखाच दिसेल. त्यासाठी घरातल्या एखाद्या आजीलाच समोर बसवावे लागेल.